पोहोचलं का? कळवा

“पप्पा, तुमच्या सर्व्हरला त्रिंबककाकांचं भूत लागलंय, हे खरं हाय का?”

प्रश्न बुद्धप्रियाचा नव्हता. तेजश्री आणि निवेदितानं शाळेच्या नळापाशी तिला पैजेवर चढवलं होतं. “वक्तृत्वात पहिली आलीस म्हणून लई तोरा मिरवतीस की! हिंमत असेल तर घरी विचार. जेवताना, सगळ्यांसमोर विचार. लाडात येऊन नको.” गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही जिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत जात नव्हता, ती ही बुद्धप्रिया. आता तिला कुणी ‘हिंमत असेल तर’ म्हटलं, की कानात वारं शिरलेल्या वासरासारखी ती उधळायची.

पप्पांच्या हातातला घास ताटात परत गेला. आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली.

“कोण म्हणलं तुला?” पप्पांनी विचारलं.

“तेजीची आई. तुमच्याच कारखान्यात टॉवेलच्या चेकिंगला हाय की ती. दर अमावस्येला मेल बंद पडती म्हणं, आणि त्याच दिवशी मेलेल्या माणसाची मेल येती.”

“आपल्या घरात असलं बोलायचं नाही,” आई कडाडली. “बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत ना तुला?”

“पाठ हायत म्हणूनच विचारती की!”

बुद्धप्रियाला उत्तर ठाऊक होतं. पप्पांचं एक ठरलेलं वाक्य होतं. लहानपणी दिवे गेले, नळ गुरगुरला, खिडकी आपटली, की ते म्हणायचे, “भूत नसतं बाळा, वायर सैल असते.” तेच वाक्य सोमवारी जशाच्या तसं नळापाशी आपटायचं, असा तिचा बेत होता.

पण पप्पा ताटावरून उठले आणि मोरीत जाऊन हात धूत बसले. धुऊन झाले तरी धूतच बसले. मागं भाकरी करपल्याचा वास सुटला.

रत्नदीप, म्हणजे तिचे पप्पा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं बघायचे. टॉवेल समुद्रापार जायचे आणि त्यांच्या ऑर्डरी, रंग, नमुन्यांना होकार-नकार, सगळं मेलवर यायचं. कारखान्याचा स्वतःचा मेल सर्व्हर होता, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत. तो उभा केला होता त्रिंबककाकांनी. पप्पा त्यांच्या हाताखाली शिकले. ते त्यांना ‘दादा’ म्हणायचे. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी दादांनी त्या खोलीतल्या टेबलावर डोकं टेकवलं, आणि चहा घेऊन गेलेल्या शिपायाला वाटलं, झोपलेत.

दसऱ्याला नवा सर्व्हर आला. पप्पांनी तो स्वतः बसवला. आणि तेव्हापासून हे सुरू झालं. एरवी सगळं ठीक असायचं. अमावस्या आली, की मेल अडखळायची, कधी जायची, कधी यायची, कधी नुसतीच फिरत राहायची. पप्पांनी वायरी बदलल्या. इंटरनेटवाल्यांना बोलावलं, ते म्हणाले, आमच्या बाजूनं सगळं नीट आहे. सर्व्हर बंद करून चालू केला, तर घटकाभर बरा आणि पुन्हा तेच. आणि संध्याकाळी सगळं आपोआप सुरळीत. दुसऱ्या दिवशी पकडायला काही उरायचंच नाही.

मोरीतून परत आल्यावर पप्पा भिंतीला टेकून बसले.

“उद्या अमावस्या आहे,” ते म्हणाले. “शेठनी मंगळवेढ्याकडून कुणी महाराज बोलावलेत. सर्व्हरच्या खोलीत उतारा करायचा. त्या खुर्चीवर जो बसतो त्यानं पाटावर बसायचं, हातात लिंबू धरायचं. शेठ म्हणाले, रत्नदीप, माझा पण विश्वास नाही. पण खालच्या बायका घाबरल्यात, आणि मेल बंद पडून माझी एक ऑर्डर गेली. पाटावर बसा, नाहीतर खुर्ची सोडा.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?” आईनं विचारलं.

“काहीच नाही.”

हातात साधा दोरा न बांधणारा माणूस. पाटावर, लिंबू धरून. बुद्धप्रियाला ते चित्र डोळ्यांसमोर धरवेना. पण त्याहून वाईट वाटलं ते वेगळंच. पप्पा ‘काहीच नाही’ म्हणाले, ते शेठला घाबरून नव्हे. ते दुसऱ्याच कुणालातरी घाबरले होते.

शनिवारची सकाळची शाळा. “शनी अमावस्या!” तेजश्रीनं डोळे मोठे केले. “आमची आजी म्हणती, अशा दिवशी कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेला द्यायची. माणूस असंल तर तीनदा मारतंय, ते असंल तर एकदाच.”

“तू गप गं.”

“मी गप. पण तू चाललीस कुठं डबा घेऊन?”

“पप्पांकडं.” आईनं उन्हात धाडलंय असं तिनं सांगितलं. खरं म्हणजे डबा तिनंच मागून घेतला होता.

एरवी एमआयडीसीचा रस्ता लांबूनच ऐकू येतो. मागांची खटखट जमिनीतूनच पायांत चढते. आज अमावस्येमुळं माग पूजेसाठी थांबवलेले. ओळीनं उभ्या शेडमधून आवाज नाही, आणि रस्ता ओसाड नसूनही ओसाड वाटत होता. गेटवर लिंबू-बिब्बा टांगलेला. आत प्रत्येक मागाला कुंकू, झेंडूचं फूल. हवेत उदबत्ती आणि सुताची धूळ. शिपाई प्रभु नारळ फोडत होता.

“प्रिया, तू? आज कशाला आलीस गं?” तो हलक्या आवाजात म्हणाला. “वर जाऊ नको.”

ती अर्थातच वर गेली.

खोली लहान होती. एसीचा गारठा. कोपऱ्यात नवा सर्व्हर घरघरत होता. टेबल होतं, टेबलापुढं चाकाची खुर्ची होती, आणि पप्पा खुर्चीवर नव्हते. ते स्टुलावर बसले होते. म्हणजे त्रिंबककाका गेल्यापासून ते स्टुलावरच बसत होते? तिला विचारायचं धाडस झालं नाही. पहिल्यांदाच झालं नाही.

तेवढ्यात शेजारच्या ऑफिसातून एकनाथकाकांची आरोळी आली, “रत्नदीप! गेली रे मेल! आणि... आणि ही बघ इकडं!”

एकनाथकाका तिथले जुने कारकून. ते खुर्चीतून उठून भिंतीला चिकटले होते, जसं काही पडद्यातून हात बाहेर येणार होता. पडद्यावर त्यांच्या रोजच्या मेलचं पान नव्हतं. तसंच पान, पण जुन्या रंगाचं. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, नुकतीच आलेली एक मेल:

पोहोचलं का? कळवा. — त्रिंबक

“रोज सकाळी पाठवायचा,” एकनाथकाका कुजबुजले. “सर्व्हर सुरू केला की सगळ्यांना. हीच ओळ. आम्ही हसायचो... कोण उत्तर देतंय?”

पप्पा वाकून बघणार, एवढ्यात पान फिरलं, गोल गोल फिरलं आणि आजचं पान आलं. त्रिंबककाका नव्हतेच तिथं.

“दर वेळी असंच,” पप्पा म्हणाले. “मी येईपर्यंत जातात.”

‘जाते’ नाही म्हणाले. ‘जातात’ म्हणाले.

बुद्धप्रिया घाबरली. पण घाबरल्यावर तिला बडबड सुचायची, हा तिचा नवा गुण होता. “पप्पा, तुम्ही मला मागं दाखवलं होतं ना, ते हाक मारायचं? काळ्या पडद्यावरचं?”

“पिंग.”

“तेच. मारा की.”

प्रत्येक मशीनला घरासारखा एक नंबर असतो. लॅपटॉपवरून त्या नंबराला हाक मारायची, मशीन जागं असेल तर ओ देतं. एक ओळ उमटते. पप्पांनी सर्व्हरचा नंबर टाकला. ओ आली. पुन्हा हाक, पुन्हा ओ. एकापाठोपाठ एक, श्वास चालल्यासारखी.

“बघ, चालू आहे. आणि तरी मेल नाही.”

“मग आता सर्व्हरची वायर उपटा.”

“वायर उपटल्यावर ओ कोण देणार?”

“तेच म्हणती मी. कुणीच द्यायला नको.”

पप्पा लॅपटॉपपासून उठले. दसऱ्यापासून सगळं करून बघितलं होतं त्यांनी, एवढं एक सोडून. मग सर्व्हरच्या मागं हात घातला. टक्‌ आवाज झाला, वायर त्यांच्या हातात आली.

पडद्यावर ओळ उमटली. ओ.

आणखी एक. ओ.

सर्व्हरची वायर पप्पांच्या हातात लोंबत होती, आणि कुणीतरी त्या नंबरावरून शांतपणे ओ देत होतं. खाली एकही माग चालत नव्हता. एसीचं पाणी खिडकीबाहेर टपकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

“दादा,” पप्पा म्हणाले. बुद्धप्रियाला नाही, खुर्चीला. “दादा, नंबर तुमचाच ठेवला मी. सगळ्यांच्या मशीनमध्ये तोच होता, म्हणून. तुमची जागा घ्यायची म्हणून नाही.”

बुद्धप्रियाला रडू फुटायचंच बाकी होतं. तिला पळून जायचं होतं, गेटबाहेर, उन्हात, तेजीच्या आजीपर्यंत. पण तिनं पाय रोवले, कारण पप्पांना असं एकटं सोडून पळणं तिला त्या पडद्याहून भयंकर वाटलं.

“पप्पा,” ती म्हणाली, आवाज चिरकला तरी म्हणाली, “तेजीची आजी म्हणती, ते असलं तर एकदाच. हे तर थांबायचं नाव घेईना. जे ओ देतंय, त्याला वायर असणारच. असणारच की!”

“काय?”

“सैल नसेल. पण असेल.”

पप्पांनी वायर खाली ठेवली. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर पप्पांसारखं काहीतरी आलं. भिंतीवर एक डबा होता, कारखान्यातल्या सगळ्या वायरी येऊन त्यात मिळत. प्रत्येकीपाशी हिरवा दिवा लुकलुकत होता. पप्पा एकेक वायर काढून परत लावू लागले. बुद्धप्रिया पडद्याला डोळे लावून ओरडत होती, “आहे! आहे! अजून आहे!” ऑफिसातून एकनाथकाका ओरडत होते, “अरे प्रिंटर गेला! अरे माझं पण गेलं!”

“आहे! आहे! आ...”

ओळ थांबली.

“गेलं,” ती म्हणाली.

पप्पांच्या हातातली वायर धुळीनं करडी झाली होती. तिच्यावर नाव नव्हतं. ती खिडकीच्या भोकातून बाहेर पडत होती, भिंतीवरून खाली, नळाच्या पाइपाला धरून.

दोघं तिच्या मागं निघाले. जिना उतरून, रंगखात्याच्या मागून, तुटक्या बॉबिनींच्या ढिगाऱ्याला वळसा घालून. वायर मागच्या जुन्या डिझाइनच्या खोलीत शिरत होती. तिथं हल्ली कुणी जात नसे. दार नुसतं लोटलेलं होतं, आणि फटीतून निळसर उजेड बाहेर सांडत होता. आत एक पंखा घरघरत होता, जुना, दमेकऱ्यासारखा.

“हा आवाज,” पप्पा म्हणाले आणि जागीच थांबले. “हा मी झोपेत पण ओळखेन.”

बुद्धप्रियानंच दार ढकललं.

आत उलट्या घातलेल्या पेटीवर एक पिवळट पडलेला कॉम्प्युटर होता. त्याला ठसठशीत कुंकू, वर झेंडू, पुढं उदबत्ती. आणि पुढ्यात, गुडघे उराशी घेऊन चंद्रव्वा बसली होती. घड्या घालणाऱ्या बायकांत सगळ्यात म्हातारी, अक्कलकोटच्या पलीकडची. अमावस्येला कारखान्यातल्या सगळ्या मशीनला कुंकू लावण्याचा मान तिचा होता.

“या,” ती म्हणाली. “एवढ्या दिवसांनी आलात व्हय रत्नदीपसाहेब?”

“अव्वा, हे मशीन... हे तर भंगारात गेलं. मीच प्रभुला सांगितलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर नको म्हणून.”

“गेलं हुतं गेटपतोर. मी अडवलं. म्हणलं, भंगारवाल्याला काय कळणार हे कुणाचं हाय ते?” तिनं उदबत्तीची राख बोटानं झटकली. “त्रिंबकसाब एकदा मला म्हणले, चंद्रव्वा, सगळ्या मागांना फूल घालतीस, माझ्या मशीनला का न्हाय? म्या म्हणलं, तुमचं कुटं टॉवेल काढतंय? तर हसले. मग घालाय लागले मी. त्येंच्या मागं पण घालती.”

“पण चालू कशाला करतेस, अव्वा?” बुद्धप्रियानं विचारलं.

चंद्रव्वानं तिच्याकडं असं बघितलं, जसं काही ती शाळेतच जात नव्हती. “पूजा केली आणि मशीन चालवली न्हाय, तर पूजा पोचती का गं बाळ? माग सुद्धा कुंकू लावल्यावर घटकाभर तरी चालवत्यात. बंद मशीनची पूजा म्हंजी मड्याची. सगळ्या वायरी साबांनी जशा लावल्या हुत्या तशाच लावती मी, हितल्या भिंतीतल्या भोकात. सांजच्याला बंद करती.”

बुद्धप्रियाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “पप्पा! जुना सर्व्हर हाच. नंबर ह्याचाच. आणि नव्याला पण तोच दिला तुम्ही, हा भंगारात गेला समजून. एका नंबरावर दोघं! हाक मारली की जो आधी ओ देईल त्याचं पान उघडतं. म्हणून तर कधी आजचं, कधी जुनं!”

“आणि ती मेल?” तिनंच पुढं विचारलं.

पप्पा मशीनसमोर मातीतच मांडी घालून बसले. त्यांची बोटं आपोआप चालत होती. मग थांबली. “ही बघ. दादांनी शिकवून ठेवलंय त्याला. सुरू झाला, की आपण होऊन सगळ्यांना पाठवतो. पोहोचलं का, कळवा.” ते हसले, पण हसू अर्ध्यात अडकलं. “म्हणजे अमावस्येला हा जागा व्हायचा, सगळ्यांना विचारायचा, आणि आम्ही सगळे भिंतीला चिकटायचो.”

“मग बंद करायचा का?” चंद्रव्वानं विचारलं. तिचा हात नकळत झेंडूवर गेला होता.

पप्पांनी कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं, आणि वर जाऊन दोन्ही वायरी परत लावल्या. बुद्धप्रियानं वरून हाक मारून बघितली. सर्व्हरच्या नंबरावर एकच ओ. आणि शेजारी पप्पांनी दिलेल्या नव्या नंबरावर, दुसरी. दोघं आपापल्या घरी.

शेठ आले, तेव्हा त्यांच्यामागं महाराज होते, हातात लिंबांची पिशवी. शिवराजशेठनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, “चंद्रव्वा, तुला हात जोडतो. रत्नदीप, ते धूड उद्याच्या उद्या भंगारात घाला.”

“नाही शेठ,” पप्पा म्हणाले.

एकनाथकाकांनी दाराआडून मान बाहेर काढली.

“त्याचा नंबर बदललाय. आता तो कुणाच्या आड येत नाही. जागा मागच्या खोलीत आहे, ती रिकामीच पडलीय. राहू दे. आणि मी पाटावर बसणार नाही. मेल सुरू आहे, बघून घ्या.”

शेठनी मेल बघितली. मग पप्पांकडं बघितलं. “राहू दे तर राहू दे,” ते पुटपुटले. महाराजांना चहा देऊन नारळासकट वाटेला लावलं. खाली माग एकेक करून सुरू झाले, आणि जमीन पुन्हा पायांखाली थरथरू लागली.

निघताना बुद्धप्रिया दप्तर घ्यायला वरच्या खोलीत गेली. पप्पा खुर्चीवर बसले होते. चाकाच्या खुर्चीवर. ती दारातच थांबली. लॅपटॉपवर तीच मेल उघडी होती.

“ज्या दिवशी दादा गेले, त्या सकाळी पण आली होती,” ते मागं न बघता म्हणाले. “मी वाचली. दहा पावलांवर बसलो होतो. म्हटलं, मेल चालते का बघायची चाचणी ही, तिला काय उत्तर द्यायचं?”

तिनं दप्तर उचललं. सोमवारी नळापाशी काय सांगायचं, ते तिला आता सुचत नव्हतं. भूत नाही, हे खरं होतं. वायर होती, हेही खरं होतं. पण कुणीतरी विचारत होतं, आणि कुणीच ओ देत नव्हतं, हे त्या दोन्हींहून जास्त खरं होतं. आणि तेच तिच्या मानेवरून बोट फिरवल्यासारखं घरापर्यंत सोबत आलं.

रात्रीच्या जेवणाला आईनं शेंगाचटणी काढली. पप्पा भाकरी मागून मागून जेवत होते. आई त्यांच्याकडं चोरून बघत होती आणि हसू दाबत होती.

“मी एक ठरवलंय,” बुद्धप्रिया म्हणाली. वक्तृत्वाचा आवाज तिनं लावला नाही. “पुढच्या अमावस्येला मी कारखान्यात जाणार. आणि त्याच्या पुढच्या पण. शाळा सुटल्यावर.”

आईचा हात थांबला. “आपण अमावस्या पाळत नाही, प्रिया.”

“मी पण नाही पाळणार, आई. कुंकू चंद्रव्वा लावेल. मी नुसती त्या मशीनपाशी बसणार, आणि ती मेल आली, की तिला उत्तर पाठवणार. पोहोचलं म्हणून.”